चरावरचा माणूस

आमच्या वाडीत स्वयंपाक बाईचा की पुरुषाचा, हे भांड्याच्या आकारावर ठरतं. घरच्या चुलीवर मावेल ते पातेलं बाईचं. दोघांनी दोन कानांना धरून उचलावा लागतो तो टोप पुरुषांचा. मे महिन्यात वाडीची सत्यनारायणाची पूजा असते, तेव्हा देवळामागे लांब चर खणतात, त्यात लाकडं पेटवतात आणि वर टोप चढवतात. बायका तांदूळ निवडतात, नारळ खवतात, भाज्या चिरतात आणि चरापासून थोडं लांब सगळं मांडून परत फिरतात. पुढचं काम पुरुषांचं. शिजवणं फार अवघड आहे, असं त्या दिवसापुरतं मानलं जातं. दुसऱ्या दिवशी घरोघरी तेच शिजवणं पुन्हा सोपं होतं.

हे मी कौतुकाने सांगत नाही आणि रागानेही नाही. राग होता, तो नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत खर्च झाला.

मी रत्नागिरीत एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. व्यक्तिमत्त्वाचा धडा आला की फळ्याच्या मधोमध रेघ मारते, एका बाजूला ‘बाई’ लिहिते, दुसऱ्या बाजूला ‘पुरुष’, आणि मुलांना गुण सांगायला लावते. बाई सोशिक, हळवी, मायाळू, घाबरट. पुरुष धीट, तापट, रोखठोक, निर्णय घेणारा. आमचं पुस्तक परदेशी पुस्तकावरून बेतलेलं आहे. त्यात पार्टीत अनोळखी माणसांशी आपणहून बोलणारा तरुण वगैरे उदाहरणं असतात. आमच्या पोरांनी तसली पार्टी पाहिलेली नसते, पण फळ्यावरचे गुण मात्र पुस्तकातल्यासारखेच निघतात. मग मी विचारते, बंदरावर मासळीच्या लिलावात कोणाचा आवाज चढतो? तुमच्या घरी गिऱ्हाइकाला कोण उडवून लावतं? कोळ्यांची पोरं खाली बघून हसतात, कारण त्यांना आपापल्या आया आठवतात. पण फळ्यावरचं काही पुसू देत नाहीत. आई वेगळी आणि बाई वेगळी, असं त्यांचं म्हणणं.

एकदा किनाऱ्यावरच्या मुस्लिम घरातली एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, माझे अब्बा जहाजावर कुक आहेत. सगळ्या जहाजाला करून घालतात. घरी आले की पाण्याचा तांब्यासुद्धा अम्मीने हातात द्यायचा.”

मागून कोणीतरी विचारलं, “का?”

“घरी ते कुक नसतात ना,” ती म्हणाली. यात न कळण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा होता.

वर्ग हसला. मी तास आटोपता घेतला. मला माझे वडील आठवले होते.

आमची वाडी मंडणगडच्या वरच्या अंगाला, डोंगरात आहे. बाबा मुंबईत एका छापखान्यात पुस्तकबांधणीच्या खात्यात होते आणि गावाच्या खोलीवर राहायचे. गावाची खोली म्हणजे वाडीतल्या लोकांनी मिळून घेतलेली चाळीतली एक खोली. वाडीतला कोणीही पुरुष तिथे वळकटी टाकू शकतो. बायकांनी तिथे राहायची पद्धत नाही. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात बाबा घरी यायचे आणि पडवीत बसायचे. चहा आला तर प्यायचे, नाही आला तर मागायचे नाहीत. माझ्याशीसुद्धा ते ‘बरी आहेस ना’ एवढंच बोलत. लहानपणी मला वाटायचं की बाप असाच असतो. सामानाबरोबर येतो आणि सामानाबरोबर परत जातो.

आई बोलायची. गुरं, मजूर, तलाठी, काजूचा व्यापारी, परसातली वानरं, सगळ्यांशी एकाच आवाजात बोलायची. तिने हाक मारली की पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या वाडीतली माणसंसुद्धा मान वर करायची. पण बाबा आले की हाच आवाज खाली यायचा, इतका की गोठ्यातली गुरंही बुचकळ्यात पडायची. व्यापारी दारात आला, तर ती पदर सारखा करून म्हणायची, “थांबा, ह्यांना इचारतंय.” आत जाऊन बाबांना विचारायची. बाबा म्हणायचे, “तुला काय वाटतंय?” ती भाव सांगायची. बाबा मान हलवायचे. बाहेर येऊन ती व्यापाऱ्याला सांगायची, “ह्ये असा म्हनतात.” भाव तिचाच असायचा, फक्त आतून फिरून यायचा. आणि बाबांनी ठरवलेला म्हणून व्यापारी तो मुकाट्याने कबूल करायचा.

बाबा परत निघाले की आई गाठोडं बांधायची. कुळथाचं पीठ, काळे वाटाणे, आमसुलं, पापड, भाजलेले काजू. मुंबईत पुरुषमाणसं काहीतरी उकडून पोटात ढकलत असतील, याची तिला पक्की खात्री होती. गाडी दिसेनाशी झाली की म्हणायची, “आता शिमग्यापात्तुर पोटाचे हाल.” तिचे डोळे भरून यायचे. मग ती गोठ्याकडे वळायची आणि तिचा आवाज परत यायचा.

बारावीनंतर एका परीक्षेसाठी मी मुंबईला गेले. उतरले आत्याकडे. तिचं बिऱ्हाड गावाच्या खोलीच्या मागच्याच चाळीत होतं. सकाळी बाबांना भेटायला गेले तर दार उघडं होतं. आत बाबा पाटावर बसून चपात्या लाटत होते. भोवती आमच्याच वाडीतले काका-दादा घोळका करून बसलेले, आणि बाबा बोलत होते. नुसते बोलत नव्हते, एकेकाची फिरकी घेत होते. चपाती वाकडी झाली असं कोणी म्हणालं, तर म्हणाले, “तुला पोटात घालायचीय की भिंतीवर लावायचीय?” सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले. हा माणूस मी आधी कधी पाहिला नव्हता.

मला पाहिलं आणि ते गप्प झाले. दुसऱ्याच्या घरात शिरताना कोणी पाहावं, तसा चेहरा झाला. मग हात धुऊन त्यांनी मला ताट वाढलं. काळ्या वाटाण्यांची उसळ होती, आईने पाठवलेल्याच वाटाण्यांची. ती आईच्या उसळीपेक्षा चांगली होती. हे मी आज लिहिते आहे, बोलले कधीच नाही.

मला बसपर्यंत सोडायला आले, तेव्हा बाबा म्हणाले, “गावात बोलू नको हां. आयेजवळ तर नकोच.”

मी विचारलं, “त्यात लपवण्यासारखं काय आहे?”

बस येते का, ते त्यांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, “ती तिकडून माझी काळजी करते. ती पन बंद झाली तर काय ऱ्हायला?”

या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. नंतर शिकताना आणि शिकवताना स्वभावाच्या पुष्कळ व्याख्या वाचल्या. माणसाचा स्वभाव त्याच्याबरोबर सगळीकडे जातो, असं त्यांत साधारणपणे धरलेलं असतं. बाबांचा स्वभाव एस.टी.त बसत नव्हता. तो खोलीवर राहायचा आणि गावी दुसराच यायचा.

बाबा निवृत्त होऊन कायमचे गावी आले, आणि आईचा आवाज कायमचा खाली आला.

यातही पद्धत आहे. वाडीच्या बैठकीला घरटी एक पुरुष बसतो. पुरुष मुंबईत असेल, तर त्याच्या घरच्या बाईने देवळातल्या मागच्या खांबाआड बसायचं आणि विचारलं तर घराचं म्हणणं सांगायचं. इतकी वर्षं आई खांबाआडून बोलत आली होती. खांबाने काही अडत नव्हतं. पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, दुरुस्त करायची असो, विहिरीचा गाळ काढायचा असो, आईचं म्हणणं सगळ्यांच्या कानांत पोचायचं. पण घरचा पुरुष गावात आला की बाईची खांबाआडची जागा जाते. आईचीही गेली. आता बैठकीला बाबा जायचे आणि परत यायचे. काय झालं म्हणून आईने विचारलं की म्हणायचे, “बोलले सगले.”

घरातही त्यांचं काही खरं नव्हतं. दिवसभर पडवीत बसायचे. आई स्वयंपाक करताना ते दारातून नुसतं बघत राहत, आणि तिला वाटे की त्यांना भूक लागली. एकदा तिच्या माहेरी कोणी वारलं म्हणून तिला राहायला जावं लागलं. तेवढे दिवस शेजारून बाबांना ताट आलं. मी नेमकी एक दिवस गेले होते. जाड, अर्धकच्ची भाकरी बाबा एकेक तुकडा मोडून खात होते आणि शेजारीण काकूला “झकास झालीय” म्हणत होते. चूल तिथेच होती, पीठही होतं. मी म्हटलं, “बाबा, दार लावून घ्या आणि करा की.” ते म्हणाले, “धूर दिसतो गो बाय.”

मग रस्त्याचं निघालं.

वरच्या वाडीला सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. मंजूर करून आणला मुंबई मंडळाने. आमच्याकडे वाडी गावात असते, पण वाडीचं मंडळ मुंबईत असतं. त्यांची बैठक तिकडेच झाली आणि रस्त्याची वाट तिकडेच ठरली. बाबा तेव्हा आपल्या प्रॉव्हिडंट फंडाच्या कामासाठी मुंबईत होते, म्हणून बैठकीला बसले. रस्ता आमच्या काजूच्या जागेतून न्यायचा ठरला. कोणाची हरकत आहे का, असं विचारलं गेलं. बाबा गप्प बसले. गप्प बसला तो कबूल झाला, असा आमच्याकडे हिशेब आहे. घरी येऊन त्यांनी काही सांगितलं नाही.

मे महिन्यात चाकरमानी आले आणि एका सकाळी आईला तिच्या जागेत चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ दिसली. पऱ्याकडून आलेली ती रेघ काजूंच्या मधून सरळ वर गेली होती. ती झाडं आईने लावलेली. कातळाला लागून असलेल्या त्या जागेत पहिल्यांदा फक्त दगड होते. तिने खड्डे मारले, डोक्यावरून माती आणून भरली, पहिले उन्हाळे कळशीने पाणी घातलं. त्याच झाडांच्या बियांवर माझं शिक्षण झालं. रेघ मारणाऱ्या पोरांना तिने विचारलं, तर पोरं म्हणाली, “काकी, काका होते की बैठकीला. कायपन बोलले नाहीत.”

मी सुट्टीला गेले तेव्हा आई गप्प होती. ओरडली असती तर मला काळजी वाटली नसती. ती कामं करत होती, बाबांना वाढत होती, पण बोलत नव्हती. मला एवढंच म्हणाली, “जागा त्यांच्या नावावर हाय. त्यांनी नाय म्हटलान तर रेघ हालते. पूजेच्या दिवशी बैठक हाय, तेव्हा शेवटचा इचारनार.” आणि परातीतलं पीठ इतक्या जोराने मळायला लागली की परात जागची सरकली.

मी बाबांना म्हटलं, “एक शब्द बोलायचाय. नाही म्हणायचं.”

“मना नाय जमत,” ते म्हणाले. “सगल्यांनी एकदम माझ्याकडं बघितलान की मना काय सुचत नाय.”

“मग मी बोलते.”

“तू लगीन होऊन गेलेली. तुझा कोन ऐकील?”

हे खरं होतं. माहेरवाशिणीला आमच्याकडे माया मिळते, मत मिळत नाही. म्हणजे जिला बोलता येत होतं तिने बोलायचं नव्हतं, ज्याने बोलायचं होतं त्याला बोलता येत नव्हतं, आणि मी या विषयात पदवी घेऊन मधे उभी होते. मला बाबांचा भयंकर राग आला. भित्रा बाप आहे आपला, असं अगदी स्पष्ट मनात आलं.

पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी मी देवळात चहाची किटली घेऊन गेले. पुरुष दुसऱ्या दिवसाचं ठरवत होते. चरावर दरवर्षी बसणारे आमचे एक आजोबा होते. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा लावून ते खांबाला टेकून बसले होते, आणि डॉक्टरांनी धूर बंद केला होता. तालुक्याहून आचारी बोलवायचा का, असं चाललं होतं. कोपऱ्यातून बाबा म्हणाले, “मी बसतो.”

आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण त्या कोपऱ्यातून आवाज यायची सवय नव्हती. मग गावातच राहणारे दोघेतिघे हसले. खोलीवरचे एक काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, “बसूदे त्याला. मी खोलीवर आयुष्य काढलाय त्याच्या हातचा खाऊन.” बाकीच्या खोलीवाल्यांनीही माना डोलावल्या. इतकी वर्षं त्यांनीही गावात कुणाला सांगितलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. त्यातले अर्धेअधिक स्वतःही चपात्या लाटत असणार.

घरी जाऊन मी आईला सांगितलं की उद्या बाबा चरावर आहेत. ती म्हणाली, “लाकडां ढकलायला बसवलानी असतील.”

चराचा एक नियम आहे. ज्याने चर पेटवला त्याने देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत तिथून उठायचं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी सकाळीच चर पेटवला. गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं धोतर, डोक्याला टॉवेल, हातात लाकडी दांडा. पोरांना ते मोठमोठ्याने हुकूम सोडत होते. चपात्या लाटताना पाहिलेला तो खोलीवरचा माणूस पहिल्यांदाच गावात आला होता. मी लांबून बघत राहिले. मला त्यांचा राग यायचा होता, तो येईना.

पूजा झाली, पोथी झाली आणि नैवेद्याआधी बैठक भरली. बायका मागे बसल्या. रस्त्याचा विषय निघाला. मंडळाचे खजिनदार, नात्याने माझे मधले काका, उभे राहिले आणि चराकडे बघून त्यांनी हाक मारली, “काय, जागेचा तुझा होकार धरायचा ना?”

बाबा टोप ढवळत राहिले. “मना उठता येत नाय,” ते म्हणाले. “नैवेद व्हायचा हाय.”

“उठू नको. तिथनंच सांग.”

“धुरात मना काय सुचत नाय. घरात इचारा.”

“घरात म्हंजे?”

बाबांनी वाकून लाकूड आत सरकवलं. कुजबुज सुरू झाली. पुरुष गावात असताना बाईला कसं विचारायचं? तेवढ्यात काळ्या चष्म्यातले आजोबा खांबाला टेकल्या टेकल्या म्हणाले, “चरावरचा मानूस गावात नसल्यासारखा. त्याला वाद सांगू नये, त्याचा मत घेऊ नये. पयल्यापासनं असाच हाय.” नियम जुना होता. भांडणाच्या नादात भात करपू नये म्हणून कधीतरी केलेला असणार. आजोबा पुढे म्हणाले, “मग ती बोलायची तशी बोलूदे की.”

आई उठली आणि सवयीने मागच्या खांबाआड गेली. पदर सारखा केला. सगळे वळून बघायला लागले, आणि तिचा आवाज फुटेना. काहीतरी पुटपुटली. “मोठ्यान बोला,” कोणीतरी म्हणालं. मी खाली बघितलं. आयुष्यभर वानरांना पिटाळणारी बाई, आणि तिलाही सगळ्यांनी एकदम बघितलं की सुचत नव्हतं. तेव्हा मला बाबांबद्दल पहिल्यांदा वाईट वाटलं.

मग तिने एकाकडेच बघितलं.

“मधले भावजी,” ती म्हणाली, “तुमच्या आयेला पावसात डोलीतनं खाली कोनी नेलान?”

काका खाली बसले.

“मी आनि माझ्या जावांनी नेली. तेव्हा तुमी मुंबईत व्हतात. रस्ता मनापन हवा हाय. तुमच्यापेक्षा जास्ती हवा हाय, मी हतं वाडीत ऱ्हातंय.” आता आवाज चढत होता. ती खांबाआडून बाहेर आली, हे तिच्या लक्षात आलं नसावं. “पन रस्ता सगल्यांचा, मग जागा एकल्याची कशी? खालच्या अंगानं न्या, दगडी गडग्याला लागून. सगल्यांनी थोडी थोडी सोडा. मी पन सोडतंय.”

मग ती एकेकाकडे वळली. “धाकले भावजी, तुमची गाय रानात व्याली, तेव्हा वासरू खांद्यावरनं कोनी आनलान? तुमी दादा, तुमच्या घराची कौलां उडाली, तेव्हा तुमच्या पोरांना कोनी ठेवून घेतलान?” ती भांडत नव्हती. फक्त प्रत्येकाला नात्याने हाक मारून विचारत होती. खाली मान घातली नाही असा एकही पुरुष राहिला नाही. मी डोळे पुसले. तिचं कौतुक वाटलं म्हणून नव्हे. इतकं सगळं एका बाईजवळ बोलायचं राहिलेलं होतं आणि ते बोलायला देवळामागे चर पेटावा लागला, म्हणून.

रेघ खाली सरकली. पऱ्याच्या वळणावरची थोडी झाडं तरीही गेली, तिथे दुसरी वाटच नव्हती. बाकीची राहिली. बैठक उठताना दोघेतिघे चराकडे जाऊन बाबांच्या पाठीवर थाप मारत होते. “डोका चालवलास हां! सोता गप बसलास आनि तिला पुढं केलास.” वाडीत आजही हे बाबांच्याच हुशारीत मोडतं. ती खरोखरच त्यांची हुशारी होती की नुसता भित्रेपणा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि दोन्हींत फरक असतो का, हे मला आता पूर्वीइतकं ठाम सांगता येत नाही.

नैवेद्य झाला. पुरुषांची पंगत उठली, मग बायकांची बसली. वाढायला पोरं होती, पण उसळीची बादली घेऊन बाबा स्वतः आले. आईच्या पानात वाढताना तिच्याकडे बघितलं नाही. आईने घास घेतला आणि थांबली. शेजारीण काकूला विचारलं, “कोनी केलानी ही?”

“तुझ्याच घोवान,” काकू म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

आई हसली नाही. पुढचा घास घेतला, मग त्याच्या पुढचा. लग्नानंतर कोणाच्या हातचं आयतं जेवायला तिला फारसं मिळालं नव्हतं, आणि बाबांच्या हातचं तर कधीच नाही. बादली पुढे गेली होती. तिने हाक मारली, नेहमीच्या आवाजात, “ओ, मना आनि वाढा.”

संध्याकाळी घरी मात्र ती भडकली. झाडं राहिल्याचा आनंद एका बाजूला, आणि हे दुसऱ्या बाजूला. “इतकी वर्सां मी गाठोडी बांदलीव. तुमच्या पोटाचे हाल व्हतात म्हनून रडलंय. आनि तुमी तकडं ह्या असा करून खात व्हतात? माझ्या हातचा बरा तरी लागायचा काय?”

बाबा पडवीत बसून पायाला लागलेला चिखल नखाने काढत होते. म्हणाले, “वाटाने तुझेच व्हते.”

ती मग आत गेली. सकाळी मी उठले तेव्हा तिने परात, पीठ आणि पाण्याचा तांब्या बाबांच्या पुढ्यात ठेवला होता आणि स्वतः पडवीत जाऊन बसली होती. मागचं दार लावलेलं होतं, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. थोड्या वेळाने धूर कोंडला. आई उठली, ते दार सताड उघडलं आणि परत येऊन बसली.

आता मुंबई मंडळ बाबांना फोन करतं. वर्गणीचं, पूजेचं, पाण्याच्या टाकीचं काही ठरवायचं असलं की घरातला पुरुष म्हणून त्यांनाच विचारतात. फळ्यावरची रेघ मीही अजून दरवर्षी मारते. मुलं तेच गुण सांगतात आणि मी लिहून घेते.

परवाच्या दिवाळीला मी गावी होते. दुपारची जेवणं झाली होती, भांडी घासून पालथी घातली होती. फोन वाजला. बाबांनी पडद्यावर मंडळाच्या खजिनदारांचं नाव बघितलं, फोन पाटावर ठेवला आणि आत गेले. डब्यातलं मूठभर पीठ परातीत घेतलं, त्यावर पाणी ओतलं आणि दोन्ही हात त्यात घातले. मग हाक मारली, “अगो, फोन घे. माझे हात पिठात हायत.”